एक लिखाण, तीन पडदे : अ‍ॅप करवून घेण्यापूर्वी व्यापाऱ्याने काय पाहावे

'शेठ, तुमच्या दुकानाचे अ‍ॅप करून देतो' असे म्हणत कोणी आले नाही, असा व्यापारी आज कापड बाजारात विरळाच. येणारा एक तरुण सांगतो की एकदाच पैसे द्या, अँड्रॉइडवर चालेल, आयफोनवर चालेल आणि दुकानाच्या संगणकावरही चालेल. दुसरा सांगतो की असे होत नसते, तिन्हींचे काम वेगळे आणि पैसेही वेगळे. दोघेही खोटे बोलत नाहीत. परंतु दोघांच्या बोलण्यात काही गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि त्या समजल्याशिवाय व्यापाऱ्याने बयाणा देऊ नये, असे आमचे मत आहे.

आम्ही संगणकाचे शास्त्र शिकलेलो नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि उमर कापडात गेली. परंतु ज्या मालाचे पैसे मोजायचे त्याचा पोत आधी हाताने पाहायचा, ही धंद्याची सवय आहे. त्याच सवयीने हा विषय समजून घेऊन वाचकांपुढे ठेवत आहोत.

तीन ठिकाणी वेगळे काम का?

मोबाईलच्या दुनियेत आज दोन मोठी घराणी आहेत. एक गूगलचे अँड्रॉइड आणि दुसरे अ‍ॅपलचे आयफोन. दोघांचीही अ‍ॅपची दुकाने २००८ साली उघडली, अ‍ॅपलचे जुलैत आणि गूगलचे ऑक्टोबरात. दोघांची बोली मात्र वेगळी. अँड्रॉइडचे काम आधी जावा भाषेत होत असे आणि २०१७ पासून कोटलिन भाषेला गूगलने अधिकृत मान्यता दिली. आयफोनसाठी अ‍ॅपलने २०१४ साली स्विफ्ट ही भाषा आणली. तिसरे ठिकाण म्हणजे वेबसाइट, जी ब्राउझरमध्ये उघडते. तिची भाषा जावास्क्रिप्ट. म्हणजे तिन्ही ठिकाणी आपले दुकान मांडायचे तर तीन बोलींचे तीन कारागीर लागतात. एकच लिखाण करून ते तिन्ही ठिकाणी चालवण्याच्या पद्धतीला या क्षेत्रात 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' असे म्हणतात.

ही इच्छा नवी नाही. सन कंपनीने १९९५ साली जावा भाषा बाजारात आणली तीच 'एकदा लिहा, कोठेही चालवा' या वचनावर. तेव्हापासून आजपर्यंत हे वचन अनेकांनी दिले. ते कधी बारा आणे पुरे झाले, कधी आठ आणे.

याचे कारण समजण्यासाठी कोणत्याही व्यापारी सॉफ्टवेअरचे तीन भाग ध्यानात घ्यावेत. पहिला भाग पडदा, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारे काउंटर. दुसरा भाग नियम, म्हणजे भाव, सवलत आणि कराचा हिशोब करणारा मुनीम. तिसरा भाग वही, म्हणजे साठा आणि खाती सांभाळणारा सर्व्हर. यातली वही नेहमी एकच असते. मग अ‍ॅप एका पद्धतीने करा की तीन, सर्व्हरचे काम व खर्च तोच राहतो. एकाच लिखाणामुळे बचत होते ती पडद्याच्या आणि नियमांच्या कामात. म्हणून 'तीनऐवजी एक, म्हणजे खर्च एक तृतीयांश' हे गणित खरे नाही. तपासणी तर प्रत्येक ठिकाणी वेगळी करावीच लागते. एकाच ताक्यातून कापलेले तीन सदरे असले तरी तिन्ही अंगावर घालून पाहावे लागतात, तसेच हे आहे.

चार वाटा

आज व्यापाऱ्यापुढे मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली वाट फक्त वेबसाइटची. चांगली वेबसाइट आता मोबाईलच्या पडद्यावर आपले चिन्ह ठेवू शकते, नेटवर्क नसताना थोडेफार काम करू शकते आणि सूचनाही पाठवू शकते. आयफोनवर अशा सूचनांची सोय २०२३ च्या मार्चपासून झाली, पण गिऱ्हाइकाने ते चिन्ह पडद्यावर ठेवले असेल तरच. ही वाट सर्वांत स्वस्त. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की गिऱ्हाईक थेट दुकानात. काही उतरवून घ्यावे लागत नाही.

दुसरी वाट वेबसाइटला अ‍ॅपचे वेष्टन घालण्याची. कॉर्डोव्हा व आयोनिक ही या कामाची साधने. आत वेबसाइटच चालते, वरून अ‍ॅप दिसते. साध्या कामाला ठीक. परंतु नुसती वेबसाइट गुंडाळून आणली आणि अ‍ॅपचे वेगळे काही काम नसेल तर अ‍ॅपल आपल्या दुकानात ती घेत नाही. तसा त्यांचा नियमच आहे.

तिसरी वाट रिअ‍ॅक्ट नेटिव्हची. फेसबुकने २०१५ साली हे साधन सर्वांसाठी खुले केले. लिखाण जावास्क्रिप्टमध्ये एकच, पण पडद्यावरची बटणे व याद्या त्या त्या फोनच्या स्वतःच्या. त्यामुळे अ‍ॅप परके वाटत नाही. जावास्क्रिप्ट जाणणारी मुले मुबलक मिळतात, हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठा फायदा. आज एक कारागीर गेला तर उद्या दुसरा उभा करता येतो.

चौथी वाट गूगलच्या फ्लटरची. याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. भाषा डार्ट. हे साधन फोनची बटणे वापरत नाही, पडद्यावरचे सगळे स्वतःच रंगवते. म्हणून स्वस्त अँड्रॉइड असो की महाग आयफोन, दोन्हीकडे अ‍ॅप हुबेहूब सारखे दिसते. २०२१ पासून ते वेबवरही पक्केपणाने चालते. परंतु वेबवर ते पहिल्यांदा उघडताना जड पडते आणि गूगलच्या शोधात त्यातला मजकूर नीट सापडत नाही. म्हणून मालाची उघडी मांडणी साध्या वेबसाइटवर ठेवावी आणि सेल्समनचे ऑर्डर बुक किंवा उधारीची वही फ्लटरमध्ये करावी, हे शहाणपणाचे.

ही दोन्ही साधने खुल्या परवान्याची आहेत. त्यांच्यासाठी कोणी वेगळे 'लायसन्सचे पैसे' मागत असेल तर ते कशाचे, हे जरूर विचारावे.

खरा फायदा हिशोबाचा

बहुतेक जण एकाच लिखाणाकडे काटकसर म्हणून पाहतात. आमच्या मते त्याहून मोठा फायदा आहे तो एकाच हिशोबाचा. उदाहरण घेऊ. ८४.५० रुपये मीटर भावाचे ३७.२५ मीटर कापड विकले. गुणाकार येतो ३,१४७ रुपये ६२.५ पैसे. आता एका अ‍ॅपने अर्धा पैसा सोडून ६२ लिहिले आणि दुसऱ्याने वर चढवून ६३ लिहिले, तर सेल्समनच्या मोबाईलवरचे बिल आणि पेढीच्या संगणकावरचे बिल जुळणार नाही. एका पैशाचे नुकसान काहीच नाही. परंतु महिनाअखेरीस शेकडो बिलांत असा फरक निघाला की मुनीम रात्र रात्र बसतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते ती वेगळीच. शिवाय संगणकाची दशांशाची रीत आपल्यासारखी नाही. ०.१ आणि ०.२ मिळवले तर बहुतेक भाषांत नेमके ०.३ येत नाही, शेवटी बारीकसा फरक राहतो. म्हणून जाणते प्रोग्रॅमर रक्कम पैशांत आणि माप सेंटिमीटरात, म्हणजे पूर्ण आकड्यांत ठेवतात आणि शेवटी एकाच नियमाने रुपया-पैसा काढतात. हा नियम एकाच ठिकाणी लिहिलेला असेल तर तिन्ही पडद्यांवर एकच उत्तर येते.

दुसरे उदाहरण कराचे. तयार कपड्यांवर पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. ज्यांचे नियम तीन ठिकाणी तीन भाषांत लिहिलेले होते त्यांना सणासुदीच्या तोंडावर तीन ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. पण येथेही एक खाच आहे. लिखाण एक असले तरी ते प्रत्येक फोनवर वेगवेगळे उतरलेले असते. एखाद्या सेल्समनने अ‍ॅप अद्ययावत केले नाही तर त्याचा फोन जुन्याच दराने बिल फाडत राहील. म्हणून दर, सवलत आणि मर्यादा या गोष्टी अ‍ॅपच्या आत न लिहिता सर्व्हरवर ठेवाव्यात आणि अ‍ॅपने त्या तेथून घ्याव्यात. ही अट व्यापाऱ्याने स्वतः घातली पाहिजे. कराचा दर कधी बदलतो हे आपल्याला ठाऊक असते, प्रोग्रॅमरला नव्हे.

मोठ्यांचे दाखले

मोठ्या पेढ्यांनाही या प्रश्नाने फिरवले आहे. फेसबुकने आपले मोबाईल अ‍ॅप आधी वेबच्या पद्धतीने चालवले. ते संथ चाले. २०१२ साली त्यांनी ते आयफोनसाठी नव्याने लिहिले आणि मार्क झुकेरबर्ग यांनी वेबवर जास्त विसंबणे ही कंपनीची मोठी चूक होती, असे जाहीरपणे सांगितले. त्याच कंपनीतून तीन वर्षांनी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह निघाले.

मुक्कामासाठी खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१६ पासून रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरले आणि २०१८ मध्ये ते सोडत असल्याचे सांगितले. दोन बोलींच्या कारागिरांसोबत तिसऱ्या बोलीचेही सांभाळावे लागू लागले, हे त्यांचे एक गाऱ्हाणे होते. उलट दुकानदारांना ऑनलाइन दुकान थाटून देणाऱ्या शॉपिफायने २०२० मध्ये आपली नवी मोबाईल अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येच करण्याचे जाहीर केले. एकाच साधनाबद्दल दोन मोठ्या कंपन्यांचा असा उलटा निर्णय झाला, कारण दोघांचे काम, माणसे आणि गरज वेगळी होती.

आपल्या धंद्याला सर्वांत जवळचा दाखला मिन्त्राचा. कपडे विकणाऱ्या या बंगळुरूच्या कंपनीने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅपवर विक्री ठेवली. २०१६ च्या जूनमध्ये वेबसाइट पुन्हा सुरू करावी लागली. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट हिनेही २०१५ साली मोबाईलवरची वेबसाइट बंद केली होती आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अ‍ॅपसारखी चालणारी हलकी वेबसाइट आणली. तात्पर्य असे की गिऱ्हाईक ज्या दाराने येते ते दार दुकानदाराने आपल्या सोयीसाठी बंद करू नये.

अडचणी कोठे येतात

कॅमेऱ्याने बारकोड वाचणे, ब्लूटूथच्या छोट्या यंत्रावर बिल छापणे ही कामे फोनच्या आतल्या भागाशी संबंधित असतात. एकाच लिखाणातून ती करताना 'प्लगइन' नावाचे तयार जोड वापरतात. पुष्कळ जोड कोणा तिऱ्हाइताने मोफत बनवलेले असतात. त्याने लक्ष देणे सोडले की फोनची नवी आवृत्ती आल्यावर तो जोड निकामी होऊ शकतो. म्हणून बिल छापणारे यंत्र आधी पसंत करावे, ते दोन्ही घराण्यांच्या फोनवर चालवून पाहावे आणि मगच पुढचे काम द्यावे.

दुसरी अडचण नेटवर्क नसतानाची. दोन सेल्समन दोन गावी आहेत, दोघांच्या फोनवर शेवटची दहा थाने दिसत आहेत आणि दोघांनी ती विकली. नेटवर्क आल्यावर ऑर्डर कोणाची धरायची? आधी घेतली त्याची, आधी पोचली त्याची, की जुन्या गिऱ्हाइकाची? हा प्रश्न कोणतेही साधन सोडवत नाही. याचा निर्णय मालकाने द्यायचा असतो. तो लिहून दिला नाही तर प्रोग्रॅमर आपल्या मनाने देतो.

तिसरी गोष्ट लिपीची. आपल्या अनेक पेढ्यांत एक जण मराठी वाचतो, दुसरा उर्दू. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. तेव्हा नुसते शब्द बदलून भागत नाही, यादी, बाण आणि रकाने सगळेच उलटे फिरावे लागतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह व फ्लटर दोन्हींत याची सोय आहे. मात्र लिखाण करताना 'डावे-उजवे' न म्हणता 'सुरुवात-शेवट' असे सांगितलेले असले पाहिजे. मागाहून हे करणे म्हणजे शिवलेला सदरा उसवणे. नस्तालिक अक्षरांना उंची जास्त लागते, मराठी जोडाक्षरेही दाटीत तुटतात. म्हणून नमुना पाहताना इंग्रजी पडद्यावर समाधान मानू नये. आपल्या गिऱ्हाइकांची व गावांची खरी नावे घालून पाहावे.

चौथी गोष्ट वार्षिक खर्चाची. अ‍ॅप हे एकदा घेऊन ठेवायचे कपाट नव्हे. अ‍ॅपल आपल्या खात्यासाठी वर्षाला ९९ डॉलर घेते, गूगल सुरुवातीला एकदाच २५ डॉलर. शिवाय अ‍ॅपने अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीस अनुरूप असले पाहिजे, अशी अट गूगल २०१८ पासून दरवर्षी पुढे सरकवते. साधनेही निवृत्त होतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विकत घेतलेल्या झॅमरिन या साधनाचा आधार १ मे २०२४ रोजी संपला आणि त्यात अ‍ॅप केलेल्यांना दुसरीकडे जाणे भाग पडले. त्यामुळे 'एकदाच पैसे' हे बोलणे कोणत्याही वाटेवर खरे धरू नये.

मालकी कोणाची?

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि व्यापारी नेमका येथेच बेसावध असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. आपल्या पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून तो लिहिला तर, उलट करार नसल्यास, हक्क मालकाचा. परंतु बाहेरच्या माणसाला ठेका देऊन लिहून घेतला तर सगळे पैसे चुकते करूनही हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, जोवर तो लेखी आणि सही करून आपल्या नावे करून देत नाही. कायद्याचे कलम १९ आणखी सांगते की अशा लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आपला माल दुबईला जात असेल तर हे एक वाक्य किती महाग पडेल, याचा विचार करावा.

कागदाइतकेच खाते महत्त्वाचे. आमच्या ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे अ‍ॅप बनवणाऱ्याच्याच गूगल खात्यावर चढवलेले होते. पैशांवरून दोघांत वितुष्ट आले आणि दुरुस्त्या थांबल्या. नव्या कारागिराला ना मूळ लिखाण मिळाले, ना खाते. अखेर नव्या नावाने नवे अ‍ॅप काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन करून ते उतरवून घ्यायला सांगावे लागले. एक अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येते, परंतु त्यासाठी ज्याच्या खात्यात ते आहे त्याची राजीखुशी लागते. दुकानाचा गाळा भाड्याने घेताना आपण पावती कोणाच्या नावे हे पाहतो, येथेही तेच पाहायचे.

बयाण्यापूर्वी सात गोष्टी

१. गूगल व अ‍ॅपलची खाती, वेबसाइटचे नाव आणि सर्व्हर आपल्या पेढीच्या नावे व आपल्या ईमेलवर असावेत.

२. मूळ लिखाण दर आठवड्यास आपल्या खात्यात जमा व्हावे. शेवटी देतो, हे चालणार नाही.

३. हक्क कायमचे, सर्व देशांसाठी पेढीच्या नावे केल्याचा सहीचा कागद असावा. तो वकिलाकडून पाहून घ्यावा.

४. वापरलेल्या तिऱ्हाइताच्या जोडांची यादी आणि त्यांचे परवाने लिहून घ्यावेत.

५. कराचे दर व सवलती सर्व्हरवरून बदलण्याची सोय मालकाच्या हाती असावी.

६. तपासणी जुन्या, स्वस्त अँड्रॉइडवर, एका आयफोनवर आणि दुकानाच्या संगणकावर, मराठी व उर्दू नावांसह व्हावी.

७. वार्षिक देखभालीची रक्कम आणि त्यात काय काय येते हे आधीच ठरावे. देयकावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो भावात धरला आहे की वेगळा, हेही विचारावे.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारल्यास आमचा सल्ला असा की लहान पेढीने आधी हलकी वेबसाइट करावी आणि तीन महिने ऑर्डरी कशा येतात ते पाहावे. सेल्समन फिरतीवर असतील, नेटवर्क नसलेल्या गावी बिल करावे लागत असेल, यंत्रावर छापावे लागत असेल तेव्हाच अ‍ॅपकडे वळावे. त्या वेळी तीन वेगळी अ‍ॅप न करता एका लिखाणाचीच वाट धरावी. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह की फ्लटर, हा वाद प्रोग्रॅमरांवर सोडला तरी चालेल. आपल्या गावात ज्याचे कारागीर दोन-चार मिळतील ते साधन चांगले. परंतु हिशोबाचा नियम कोणता, दर कोण बदलणार आणि मालकी कोणाच्या नावे, हे तीन निर्णय मालकाने स्वतः घ्यावेत आणि ते कागदावर उतरल्याशिवाय बयाण्याचा रुपया हातातून सोडू नये.